विड्याचा चुना

कल्याणला मी ज्या खाणावळीत जेवायचो, तिथे सुटीत एक जण यायचा. मुंबईला डॉक्टरी शिकत होता. नाव मी कधी विचारलं नाही. पागोटं खुंटीला अडकवून बसायचा आणि बोलताना डाव्या हाताची मूठ उघडमीट करायचा, बेडकाचं काळीज कसं चालतं ते दाखवायला.

एकदा पंगतीत मला म्हणाला, "बेडकाचं बाहेर काढलेलं काळीज नुसत्या मिठाच्या पाण्यात थांबतं. चुन्याचा जरासा अंश मिसळला की पुन्हा चालू लागतं. पेशीच्या आवरणाशी हा चुना काय करतो, ते अजून कोणालाच ठाऊक नाही."

ते ऐकून खाणावळवाल्या काकांनी त्याचं वाढलेलं पान उचलून पडवीत नेलं. म्हणाले, "बेडूक चिरणारा पंगतीत नको."

काळीज कशानं चालतं हे विचारणं म्हणजे विटाळ, असं ठरवणारे हे कोण? मी माझंही पान उचललं आणि त्याच्याशेजारी जाऊन बसलो. तो डावी मूठ मिटून जेवला.

जेवणानंतर काका आणि मंडळी विड्याला चुना लावत बसली. जाताना तो एवढंच म्हणाला, "काका, तुमचंही काळीज चुन्यावरच चालतंय."

दुसऱ्या दिवशी पडवीतही त्याचं पान मांडलेलं नव्हतं. चुन्याची डबी मात्र हातोहात फिरत होती.