आबोली माळून आलेली

डिचोलीच्या दवाखान्यात मी साखर तपासायला बसले होते. शेजारी मांद्रेची एक मासेवाली, केसांत आबोलीचा वळेसर माळून आलेली. "तुझं रक्त कशासाठी गो?" मी विचारलंच.

"बायपोलर," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मन कधी माडावर, कधी बावीत. रगतातल्या सुजेवरून हो आजार ओळखूक येता काय, ता डॉक्टर शोधतत, त्येंच्या अभ्यासाक रगत देतंय. अजून नक्की नाय. पण माझ्या चेडवाक, लेकीक झालोच, तर बेगीन कळाक व्हयो."

तिच्या वयाची असताना मी शहाणी डोकेदुखीची गोळीसुद्धा पदराआड गिळायची, सासू नाजूक म्हणेल म्हणून!

नर्सने तिला हाक मारली. काकणं भरायला बसावं तशा ऐटीत तिने हात पुढे केला.

"भर गो बाय, आज माझां रगत शाळेत चल्लां!"