निर्मलाताईंचा खर्चाचा फॉर्म

नलिनीशी माझं लग्न होऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. तिच्यापासून मी काही लपवत नाही — निदान ती तसं समजते. ही एक गोष्ट मात्र तिच्या कानावर कधी गेली नाही, आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. नलिनीला सांगायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तिच्याकडे चहा मागितला आणि विषय तिथेच संपला.

आधी सोपं ते सांगतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहायचो. मी एका अकाउंटंटच्या फर्ममध्ये नोकरीला होतो आणि माझी शेवटची एक परीक्षा राहिली होती. आमच्या ओळखीतले एक डॉक्टर — त्यांना नुसतं डॉक्टरच म्हणतो — कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीला उभे राहिले. त्यांनी मला एजंट केलं. इथे एजंट म्हणजे नुसता प्रचार करणारा माणूस नव्हे. उमेदवाराच्या खर्चाची पेनी न् पेनी त्याला माहीत असावी लागते. निकालानंतर ठरलेल्या मुदतीत तो सगळा खर्च फॉर्मवर लिहून, पावत्या जोडून टाउन हॉलमध्ये द्यायचा. उमेदवारासाठी दुसऱ्या कुणी काही छापून दिलं, तर तेही त्यात आलंच पाहिजे. वर मॅजिस्ट्रेटसमोर सही करायची, की हे सगळं खरं आहे. खर्चाला मर्यादा असते, आणि खोटं लिहिलं तर जिंकलेली जागासुद्धा जाते.

मला हे काम फार आवडलं. कामावर मी दुसऱ्यांच्या फाइली उचलणारा माणूस होतो. इथे डॉक्टर लोकांना सांगायचे, आमच्या एजंटला विचारा.

दुकानदारांच्या एका मंडळाने डॉक्टरांसाठी गुळगुळीत कागदावर रंगीत पत्रकं छापली आणि बिल परस्पर भागवलं. ते बिल धरलं असतं, तर आम्ही मर्यादेच्या बरेच वर गेलो असतो. मी ते धरलं नाही. मॅजिस्ट्रेट म्हणजे एक वयस्क बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला घरी बोलावलं, बसायला सांगितलं, इथली थंडी सोसते का म्हणून विचारलं. मी हसून ‘सवय झाली’ म्हटलं आणि सही केली. डॉक्टर हरले होते. हरलेल्याचा फॉर्म कोण उघडून बघतो?

पण तुम्हाला सांगायचं आहे ते हे नव्हे. एवढं मी स्वतःला केव्हाच माफ केलंय — म्हणून तर ते आधी सांगून मोकळा झालो.

आमच्या वॉर्डातून तिघे निवडून जायचे. डॉक्टर चौथे आले. तिसऱ्या आल्या निर्मलाताई, चाळीसएक मतांनी पुढे, आणि त्याही कुठल्याही पक्षाशिवाय. नलिनी ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, तिथेच त्या वॉर्ड सिस्टर होत्या. मूळच्या नागपूरच्या, बौद्ध. कौन्सिलच्या फ्लॅट्समध्ये भिंतींना ओल येऊन मुलांना दमा लागत होता. ड्युटी संपली की त्या टॉर्च घेऊन एकेका घरातली बुरशी बघत हिंडायच्या. त्याच लोकांनी त्यांना उभं केलं होतं. आमचा अजय झाला तेव्हा इथे आमचं कुणी नव्हतं. त्यांनी आठवडाभर डबा पाठवला होता. डब्याबरोबर चिठ्ठी असायची — आज मीठ कमी आहे, सांभाळून घ्या.

निकालानंतर डॉक्टरांच्या दिवाणखान्यात आम्ही दहाबारा जण बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, ‘आता आपण त्यांच्याकडून शिकायचं का?’ एवढंच. ‘त्यांच्याकडून’ या शब्दावर जो भार होता, तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सातासमुद्रापलीकडे आलो, मुलं इंग्लिश बोलायला लागली, आणि हे मात्र आम्ही सामानातून नीट घडी घालून आणलं होतं. खोटं कशाला सांगू — मी हसलो. आणि ते हसू खरं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी निर्मलाताई आमच्याकडे आल्या. नलिनी कामावर होती. त्या स्वतःच स्वतःच्या एजंट होत्या, आणि फॉर्म भरायचा होता. मी विरुद्ध बाजूचा माणूस आहे, हे त्यांच्या मनातही आलं नसावं. मी त्यांच्या लेखी नलिनीचा नवरा होतो आणि हिशेबाचं शिकलेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी पावत्या मांडल्या — सगळ्या नीट टाचणी लावलेल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख. एकच बिल वेगळं काढलेलं होतं. त्यांची पत्रकं विहाराच्या कमिटीने छापून दिली होती आणि पैसे छापखान्याला परस्पर दिले होते.

‘भाऊ,’ त्या म्हणाल्या, ‘हे पैसे माझ्या हातात आलेच नाहीत. पण दाखवायला हवं ना?’

हा प्रश्न नीट वाचा. त्यांना दाखवायचंच होतं. मी नुसतं ‘हो’ म्हणायला हवं होतं. तेवढ्या वेळात मी मनात बेरीजही करून टाकली होती. ते बिल धरूनही त्या मर्यादेच्या कितीतरी खाली होत्या. दाखवलं तर काही बिघडत नव्हतं. नाही दाखवलं, तर सहीखालचं सगळं खोटं ठरत होतं.

मी म्हणालो, ‘दुसऱ्यांनी भरलेलं तुमच्या खर्चात धरत नाहीत, ताई. उगाच गुंता वाढेल.’

त्यांनी बिलाकडे एकदा पाहिलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. जाताना माझ्या परीक्षेची चौकशी केली.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की चूक झाली. अभ्यासाचा ताण होता, नियम किचकट होता, कुणाचाही गोंधळ झाला असता. काय बोलतो माणूस स्वतःशी! अवघ्या दोनच दिवसांपूर्वी असलंच बिल मी स्वतः दडवलं होतं. ज्याला दडवावं लागतं, त्याला नियम माहीत नसतो का? आणि गोंधळच झाला असेल, तर सोमवारी सकाळी कामावरून मी डॉक्टरांना फोन का केला? निर्मलाताईंचा फॉर्म टाउन हॉलमध्ये गेला, की थोडी फी भरून कुणालाही बघता येतो, हे मीच त्यांना सांगितलं. त्यात काय सापडणार नाही, तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ‘तू यात कुठे नाहीस.’ मला बरं वाटलं. माझी काळजी घेणारं कुणीतरी आहे, असं वाटलं.

डॉक्टरांकडून तक्रार गेली. पोलिसांकडून एक साध्या कपड्यातला माणूस निर्मलाताईंच्या घरी जाऊन आला. दुसऱ्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना कळलं होतं. सिस्टरने पैसे खाल्ले, असं लोक कँटीनमध्ये बोलायला लागलेत, हे नलिनी घरी येऊन सांगायची. तिला संताप यायचा. ताई असं करणार नाहीत, कुणीतरी त्यांना चुकीचं सांगितलं असणार, असं ती मला पुनःपुन्हा म्हणायची. मी जेवत असायचो. असेल, म्हणायचो. पोळी वाढ.

वकिलाच्या सल्ल्याने निर्मलाताईंनी जागा सोडली, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं नाही. राजीनामा दिला त्या संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. रडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, मी कुणाचं नाव घेतलं नाही. फॉर्म मीच भरला असं सांगितलं. तुमची परीक्षा आहे. चूक कुणाचीही होते.’

त्यांना अजूनही ती माझी चूकच वाटत होती.

मी म्हणालो, ‘बरं केलंत.’

त्यांच्या नोकरीचं काय, लहान मुलीचं काय, काही विचारलं नाही. बरं केलंत. पोस्टात पत्र टाकून आलेल्या माणसाला म्हणावं, तसं.

वर्षाच्या आत त्या कार्डिफला गेल्या, तिथल्या हॉस्पिटलमध्ये. रिकाम्या जागेसाठी पुन्हा निवडणूक झाली आणि डॉक्टर निवडून आले. मीही पास झालो.

इथेच थांबलो असतो, तर तुम्हाला मी भित्रा वाटलो असतो. भित्र्या माणसाची फार तर कीव येते. पण मी थांबलो नाही.

नव्वदच्या दशकात आपली बरीच माणसं कौन्सिलला उभी राहायला लागली. त्यांना खर्चाचे नियम समजावून सांगणारा कुणी हवा होता, आणि तो मी झालो. कम्युनिटी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून मी बोलायचो. लोक वहीत लिहून घ्यायचे. नुसते नियम ऐकून माणसं कंटाळतात, त्यांना उदाहरण लागतं, हे दोनतीन वेळा बोलल्यावर माझ्या लक्षात आलं. मग मी उदाहरण देऊ लागलो. ‘आपल्याच भागात एक बाई होत्या. निवडून आल्या, पण नियम विचारून घेतले नाहीत. एक बिल पर्समध्ये राहिलं आणि जागा गेली.’ पर्स म्हटलं की लोक हसायचे. हशा कुठे येतो ते कळल्यावर मी तिथे थोडा थांबायलाही लागलो. नियम विचारून घेतले नाहीत — हे मी म्हणायचो. मी!

असं चारपाच वर्षं चाललं. एकदा कार्यक्रम संपल्यावर मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो. एक मुलगी जवळ आली. अठरा-एकोणीसची असेल, लंडनला युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली. मराठी जपून, शब्द शोधत बोलत होती.

‘काका, तुम्ही सांगितला ना, पर्सवाली लेडी? ती माझा आई आहे.’

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं. आई कार्डिफला आहे, बरी आहे, असं तिने सांगितलं. फक्त कुठलाही फॉर्म घरी आला, शाळेचा असो की बँकेचा, ती सही करायला घाबरते, मलाच वाचून दाखवायला लावते, म्हणाली. मग तिने विचारलं, ‘तिने कुणालातरी विचारलं होतं. आम्हाला नाव सांगत नाही. तुम्हाला सगळा केस माहीत आहे, म्हणून… कोण होता तो?’

हॉलमध्ये आता आम्ही दोघंच होतो. ती वाट बघत होती. घाई तिला नव्हती, मलाही नव्हती. अचानक तोंडून काहीतरी निसटलं, असं मी म्हणू शकत नाही.

मी म्हणालो, ‘नाही गं बाळ. मला कल्पना नाही.’

तिने थँक यू म्हटलं आणि मला खुर्च्या रचायला मदत केली. बस कुठून मिळेल ते मी तिला बाहेर येऊन दाखवलं.

पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलावलं. मी तेच उदाहरण दिलं. फक्त ‘एक बाई’च्या जागी ‘एक गृहस्थ’ म्हणालो, आणि पर्सच्या जागी खिसा.