आयर्लंडच्या पोरींचे मामा

एकाच गाण्यावर अख्खा संसार केलेला माणूस मी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये पाहिला. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे अविवाहित नागपूरकर दिवसभर चिप डिझाइन करायचे आणि उरलेल्या वेळात आयरिश मुलींच्या एका बँडचं एक गाणं ऐकायचे. अमेरिकेत येण्याआधी ते इंग्लंडच्या प्रोजेक्टवर होते, तिथे त्यांनी त्या गाण्याची सीडी घेतलेली. तिकडे ते दुकानादुकानांत वाजायचं म्हणे. इथे ते कुणाच्या कानावरूनही गेलं नव्हतं. तेव्हा प्रचाराचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. ऑफिसला मी त्यांच्याच गाडीतून जायचो, म्हणजे पहिला बळी मीच. कुणी ‘ते इंग्लिश गाणं’ म्हटलं की ते शांतपणे सांगायचे, “आयरिश म्हणा.” त्या गायिका त्यांच्या लेखी भाच्याच होत्या. कुठली ओळ थोरलीची, कुठे धाकटीचा श्वास अपुरा पडतो, हे ते इतक्या काळजीनं सांगायचे की माझ्या बायकोनं एकदा विचारलं, काढा पाठवायचा का तिला? गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी ते गाणं तबल्यासकट म्हटलं. मागून मुलं “काका, नॉट अगेन” म्हणत होती. काकांनी तो ‘वन्स मोअर’ समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या बँडच्या डब्लिनमधल्या कार्यक्रमाचं तिकीटही त्यांनी काढलं होतं. पण ग्रीन कार्डची फाइल अडकलेली. आत्ता देश सोडलात तर परत येताना भानगड होईल, असं वकिलानं बजावलं आणि त्यांनी विमानाचं बुकिंग कॅन्सल केलं. पुढच्या वर्षी जाऊ, म्हणाले. पुढच्या वर्षीही फाइल तिथेच. मग एका सकाळी गाडीत गाणं लागलंच नाही. मी विचारलं तर म्हणाले, बँड मोडला. त्या दिवशी डबाही त्यांनी तसाच परत नेला.

ग्रीन कार्ड आलं ते त्यानंतर बऱ्याच काळानं. आता कशाला जाता, असं सगळ्यांनी विचारलं. पण ते डब्लिनला जाऊन आलेच. एअरपोर्टवर मीच आणायला गेलो होतो. बॅग डिकीत टाकून ते गाडीत बसले. कसं होतं, मी विचारलं.

“गाव छान आहे हो,” ते म्हणाले. “पण पोरी आपापल्या घरी गेल्या.”