परबकाकांचा अंगठा

परबकाकांकडे टायर घ्यायला गेलं की आधी गिऱ्हाइकाचीच तपासणी व्हायची. कामाला कुठे जातोस, रस्ता डांबरी की काँक्रीटचा, ब्रेक पुढचा मारतोस की मागचा, मागे कोण बसतं? मुलगी द्यायची असावी तशी चौकशी. उत्तरं मनासारखी आली नाहीत तर "तुका ह्यो नको" एवढंच म्हणून ते चहाचा ग्लास तोंडाला लावायचे आणि विषय संपायचा. गिऱ्हाईक तडकून निघून जायचं, पण बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी परत यायचं. लालबागला आमच्या चाळीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या जागेत त्यांचं दुकान होतं. जागा इतकी लहान की काका आत असले तर टायर बाहेर आणि टायर आत असले तर काका बाहेर.

तरुणपणी ते गिरणीत सूत तपासायचे. गिरणी गेली, पण बोटांची सवय राहिली. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं. नवा टायर आला की ते नख रबरात रुतवायचं आणि उमटलेल्या खुणेकडे बोट लावून बसायचं. "रबर जिता असला तर खळगो भरान येता. मेला असला तर तसोच ऱ्हवता," असं ते सांगायचे. गाडीच्या दिसण्यावरून कुणी टायर निवडू लागलं की मात्र त्यांचा पारा चढायचा. "चपला घेताना पाय बघतंस मा? मग टायर घेताना रस्तो बघ. आरश्यात काय बघतंस?"

त्यांचा आणखी एक रिवाज होता. टायरच्या कडेला चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे, म्हणजे तो टायर कधी बनला ते कळतं. काका त्याला जन्मतारीख म्हणत आणि ती गिऱ्हाइकाने मोठ्याने वाचल्याशिवाय टायर बसवत नसत. "तूच वाच. उद्या बोलू नको, काकान शिळो टायर गळ्यात मारल्यान." आम्ही सगळे याला काकांचा सचोटीचा नमुना समजायचो. तो होताच, पण त्यात दुसरंही काहीतरी होतं आणि ते चाळीत फक्त मला कळलं होतं.

एकदा माझ्या गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. रबरात घुसलेला खिळा मला उभ्या जागेवरून चकाकताना दिसत होता. काका मात्र चाक फिरवत, तळव्याने चाचपत त्याला शोधत होते. दोनदा हात त्याच्या शेजारून गेला. तिसऱ्यांदा बोटाला टोचल्यावर म्हणाले, "हो बघ, लपान बसलोलो." आकडे ते गिऱ्हाइकाकडूनच का वाचून घेतात, ते मला तेव्हा कळलं. म्हाताऱ्या माणसाची झाकली मूठ आपण का उघडायची, असा उदार विचार मी तेव्हा केला होता. माझ्या त्या उदारपणाचं पुढे काय झालं, ते सांगायला लाज वाटते.

माझी गाडी शंभर सीसीची, साधी. दोन्ही टायर गुळगुळीत झाले तेव्हा काकांनी नेहमीची चौकशी केली. मागे कोण बसतं, या प्रश्नाला मी म्हणालो, "आई. दर सोमवारी गुडघ्याच्या डॉक्टरकडे, दादरला." काका लगेच म्हणाले, "मग साध्या नक्षीचो, तुझ्या गाडीच्या मापाचो घे. आठ दिवस थांब, ताजो माल येतलो." मला थांबायचं नव्हतं आणि साधी नक्षी तर नकोच होती. ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीने मी वडाळ्याहून टायरची जोडी आणली. रुंद, खोल खाचांची, मोठ्या गाड्यांना शोभणारी. माझ्या लहानग्या गाडीवर ती थोराची पगडी घातल्यासारखी दिसणार होती, पण मला तेच हवं होतं. घरी आल्यावर आकडे पाहिले. चौदा, सतरा. सन दोन हजार बावीस चालू होतं. पाच वर्षं गोदामात पडलेला माल मी हौसेने उचलून आणला होता.

परत करायला जावं तर ऑफिसात हसं होणार. म्हणून तसाच काकांकडे गेलो. त्यांनी नख रुतवलं आणि बराच वेळ बोट तिथेच ठेवलं. "रबर माका जरा कडक लागता रे," ते म्हणाले. मग टायर माझ्यासमोर धरला. "वाच बघू."

मी वाचलं, "चौदा, बावीस."

"बावीस? नीट बघ."

"बावीसच आहे काका. अगदी नवीन."

त्यांनी पुन्हा एकदा नख दाबलं, मान हलवली आणि आणलेच आहेत तर म्हणून टायर बसवायला घेतले. मी विम्याच्या कचेरीत नोकरी करतो. लोकांनी अर्जात लिहिलेली खोटी माहिती शोधून तिच्यावर लाल शेरा मारायचा, याचा मला पगार मिळतो. त्या दिवशी माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

दीड महिन्याने, सोमवारी, दादरच्या मच्छीबाजाराजवळ रस्त्यावर पाणी सांडलं होतं. मी ब्रेक मारला, मागचं चाक सरकलं आणि आम्ही दोघं आडवे झालो. मला खरचटलं. आईचं मनगट मोडलं. तिथल्या एका मेकॅनिकने गाडी उभी केली आणि टायर वाकवून बघितला. खाचांत बारीक चिरा पडल्या होत्या. तो ओरडलाच, "अरे, हा तर पार सुकलेला टायर आहे! कुणी बसवला?"

मी म्हणालो, "आमच्या चाळीतल्या परबकाकांनी."

यात खोटं काहीच नव्हतं. तेवढ्याच खऱ्यावर मी निभावून नेलं. आईने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने जिन्यात सांगितलं आणि चार दिवसांत चाळ म्हणू लागली की काकांना आता दिसत नाही, गाडी दुसरीकडे न्या. काका आईला बघायला आले, शहाळं घेऊन. तिच्या प्लास्टरवरून हात फिरवत म्हणाले, "वहिनी, माझो आंगठो फसलो. असा कधी झाला नाय." मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. तो मी बराच वेळ उकळत ठेवला.

अंगठ्यावरचा विश्वास उडाल्यावर माणूस टायर कसा विकणार? दिवाळीच्या आत त्यांनी दुकान बंद केलं आणि मालवणला गावी गेले. चाळीने त्यांना निरोपाचा नारळ दिला. तो द्यायला मला पुढे केलं होतं आणि मी दिला.

मागचा टायर दादरच्या त्या मेकॅनिकनेच तिथल्या तिथे बदलला होता. पुढचा तसाच ठेवला. दुसऱ्या दुकानदाराने तो हातात घेऊन आकडे वाचले असते, ते मला नको होतं.

पुढच्या वर्षी काका परळला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. मुलीबरोबर, काळा चष्मा लावून चाळीत भेटायला आले आणि लहान पोरासारख्या दिसतील त्या पाट्या वाचत सुटले. माझ्या गाडीपाशी आल्यावर वाकले. मी शेजारीच होतो. पुढच्या टायरवर बोट ठेवून त्यांनी सावकाश वाचलं, "चौदा... सतरा."

मग माझ्याकडे बघितलं. "ही जोडी होती मा रे?"

"हो काका," मी म्हणालो. "मागचाही सतराचाच होता. मी खोटं वाचलं."

ते रागावतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी टायरात नख रुतवलं, बोट लावून बघितलं आणि हसायला लागले. एवढे आनंदाने हसले की चष्मा घसरला. "म्हणजे आंगठो बरोबर होतो! सुमन, आयकलंस? आंगठो बरोबर होतो गो!" मुलीला काही कळलं नाही. आवाज ऐकून दोन-चार जण गोळा झाले, काय झालं काका म्हणून विचारू लागले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर थांबले. मी बोलेन, अशी त्यांना आशा असावी. मला तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी किल्लीशी चाळा करत राहिलो.

"काय नाय," काकाच म्हणाले. "डोळे बरे झाले म्हणान सांगतंय." आणि मला हळूच म्हणाले, "पुढचो आजच बदल. तुझी आवस बसता मागे."

गेल्या उन्हाळ्यात काका गावीच वारले. चाळीच्या फळ्यावर त्यांच्या नावाची सूचना लागली. ती वाचता वाचता कुणीतरी म्हणालं, माणूस सोन्यासारखा होता, फक्त शेवटी हात चुकायला लागला होता. मी तिथेच उभा होतो आणि तेव्हाही गप्प बसलो. म्हणून आता लिहितो आहे. हे चाळीत सगळ्यांनी वाचावं, आईनेही वाचावं. परबकाकांचा हात चुकला नव्हता. टायरवर चौदा-सतरा होतं. मी चौदा-बावीस वाचलं.