एका हाताने उघडणारा चाकू

हवालदारबाईंनी अकरा चाकू उघडून पाहिले आणि अकराच्या अकरा नापास केले. दुकानदार रडकुंडीला आला.

"बाई, चाकू घ्यायला आलात की परीक्षा घ्यायला?"

"परीक्षाच. जरा साबणाचं पाणी आण."

एकवीस वर्षं महामार्गावर काढलेल्या या बाईला चकचकीत मुठीचं काय कौतुक! दोन महिन्यांपूर्वी कठड्याला धडकलेल्या गाडीत एक मास्तर सीटच्या पट्ट्यात अडकले होते. इंजिनातून धूर येत होता, जोडीदार वाहनं अडवायला धावला होता. मान हलू नये म्हणून बाईंनी मास्तरांचं डोकं उजव्या हाताने धरून ठेवलं. पण खिशातला चाकू नखाने ओढून उघडायचा, म्हणजे दोन हातांचं काम. दात लावून पाहिले, तरी उघडेना. शेवटी त्यांनी क्षणभर डोकं सोडलं.

मास्तर वाचले, पण खांद्याखाली काही हलत नाही. मान आधीच मोडली होती की तेव्हा, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. अहवालात बाईंनी 'डोके धरून पट्टा कापला' एवढंच लिहिलं आणि तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागेना. योग्य चाकू खिशात येईपर्यंत मास्तरांना तोंड दाखवायचं नाही, आणि आला की खरं सांगायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

बारावा चाकू रंगाने अगदी भडक पिवळा होता. साबणाने बुळबुळीत झालेल्या डाव्या हाताने त्यांनी पात्यावरच्या गुंडीला अंगठा लावला. पातं उघडून घट्ट बसलं. घरी नेऊन त्यांनी कानस घेतली आणि टोक घासून गोल केलं.

नवरा म्हणाला, "अगं, नव्याकोऱ्या चाकूचं नाक का कापतेस?"

"पट्टा कापायचाय, माणूस नाही."

हा चाकू कामावर बाळगायचा अर्ज साहेबांनी दोनदा परत पाठवला. वस्तू यादीत नाही म्हणे! साहेबांची यादी काय, त्यांच्या खुर्चीइतकीच जुनी. तिसऱ्यांदा बाई अर्ज घेऊन दारातच उभ्या राहिल्या, आणि साहेबांनी हात टेकले.

सही झाली त्याच संध्याकाळी बाई मास्तरांकडे गेल्या. बायकोने खाटेजवळ खुर्ची सरकवली. बाई बसल्या नाहीत.

"मास्तर, मी तुमचं डोकं सोडलं होतं. चाकू उघडत नव्हता म्हणून. अहवालात लिहिलं नाही."

"ठाऊक आहे. शुद्धीवर होतो मी. सोडलंत ते कळलं, लगेच धरलंत तेही कळलं."

बाईंना रडू आवरेना. मास्तरांनी त्यांना मनसोक्त रडू दिलं. मग बाईंनी खिशातून नवा चाकू काढला, तेव्हा तो उघडून दाखवायला सांगितला, आणि दोनदा नीट पाहिला.

"तुमच्या ठाण्यात असे चाकू किती जणांकडे आहेत?"

"माझ्या एकटीकडेच."

"मग माझ्याकडे काय थांबताय? जा, उद्या सगळ्यांना शिकवा. आणि तो अहवाल आधी दुरुस्त करा."