आर्डिसबाईंची मोजणी

आर्डिस लिंडेकर हे नाव आमच्या टग हिल पठारावर कुणी घेतलं की समोरचा आधी हसायचा. मीही हसायचो. आता कुणी हसलं तर चार शब्द सुनावल्याशिवाय मी राहत नाही.

बाई एकाहत्तर वर्षांच्या. छत्तीस वर्षं चीजच्या कारखान्यात उभ्याने काढली, नवरा गेला, मुलं दूर कुठेकुठे स्थिरावली. राहिली ती अंगणातली पांढरी रंगवलेली फळी आणि एक मोजपट्टी. दर सहा तासांनी फळीवरचा बर्फ मोजायचा, फळी पुसायची आणि आकडा हवामान कचेरीला कळवायचा. पगार शून्य. अंगात ताप असला तरी बाई बूट चढवून बाहेर.

एका जानेवारीत ओंटारिओ सरोवराने आमच्यावर बर्फाचा असा मारा केला, की बाईंना राहवलं नाही. त्या दर तासाला मोजायला आणि पुसायला लागल्या. ताजा बर्फ भुसभुशीत असतो, पडून राहिला की दबतो. तासातासाला पुसून बेरीज करत गेलं की आकडा भलताच फुगतो. चोवीस तासांत एक्क्याऐंशी इंच! गावाने विक्रमाची पाटी रंगवून रस्त्याला ठोकलीसुद्धा. महिन्याभरात कचेरीचं पत्र आलं, की मोजणी नियमाला धरून नाही, आकडा रद्द. पाटी उतरवताना शिडी मीच धरली होती. तेव्हापासून बाई गावाच्या लेखी थापाड्या ठरल्या.

मी मर्ल झेर, गावच्या रस्त्यांचा मुकादम. बर्फ लोटायचे ट्रक माझ्या ताब्यात आणि रस्ता बंद करायचा अधिकारही माझाच. डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी शाळा एक वाजता सुटणार होती. साडेबाराला गॅरेजमधला फोन वाजला.

“मर्ल, हॅच रोड बंद कर. गेल्या तासात सहा इंच पडलंय. बस सोडू नका म्हणावं शाळेला.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. लख्ख ऊन. बाईंचं घर चार मैलांवर, हॅच रोडलाच. त्या बाजूला बर्फाचा पट्टा राखाडी भिंतीसारखा उभा होता, पण तो उत्तरेकडे सरकेल असं सकाळपासून सगळेच म्हणत होते.

“गेल्या तासात? म्हणजे पुन्हा दर तासाला पुसायला लागलात वाटतं?”

“फळीला हातसुद्धा लावलेला नाही. दाराच्या पायऱ्या मोजतेय मी. तासापूर्वी तीन दिसत होत्या, आता दोन.”

“इथे मी नुसत्या शर्टावर उभा आहे, आर्डिसबाई. पट्टा जाईल वर. तुम्ही जरा कॉफी घ्या.”

“तुझ्या डोक्यावर ऊन आहे म्हणजे माझ्याही डोक्यावर आहे का रे, मेल्या? नऊ पोरं असतात त्या बसमध्ये!”

मी हसत फोन ठेवला. याची मला अजून शरम वाटते. एका शेतात ऊन आणि पलीकडच्या शेतात बर्फात रुतलेली गाडी, हे आम्ही जन्मापासून बघत आलोय. तरी जो तो आपल्याच आभाळावर विसंबतो. मी तर असं न करण्याचाच पगार घेतो.

एक वाजून चाळीस मिनिटांनी शाळेतून फोन आला. ड्रायव्हर लायलची बस हॅच रोडला वळली ती वळलीच, पुढच्या थांब्यावर पोचली नव्हती. रेडिओवरही उत्तर नव्हतं.

 गॅरेजमध्ये मी एकटाच होतो. ट्रक काढला, पुढचं बर्फ लोटायचं पातं खाली टाकलं आणि निघालो. दोन मैल ऊन होतं. मग एकदम काहीच दिसेना, ट्रकचं नाकसुद्धा. रेडिओवर नुसती खरखर. अशा वेळी गोगलगायीसारखं जायचं, हे मी तीस वर्षं ट्रकवरच्या नव्या पोरांना शिकवलंय. पण त्या नऊ पोरांची नावं मला पाठ होती आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काही केल्या वर उचलेना.

पांढऱ्यात काहीतरी पिवळं दिसलं. ब्रेक दाबेपर्यंत पातं घुसलं होतं.

पत्रा फाटतानाचा तो आवाज मी विसरणार नाही.  कसाबसा खाली उतरलो. बसचा मागचा भाग आतवर चेपला होता, शेवटच्या तीन रांगा एकात एक गेल्या होत्या. मी फाटलेल्या पत्र्यातून आत शिरलो आणि एकेकाचं नाव घेऊन ओरडत सुटलो. बर्फ उकरला, सीटखाली हात घातले. एक लोकरी हातमोजा सापडला. दुसरं काहीच नव्हतं.

बसच्या पुढच्या दाराला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती. ती पांढऱ्यात कुठेतरी जात होती. तिला धरून, कमरेएवढ्या बर्फातून मी चाळीस-एक पावलं गेलो आणि दारावर आदळलो.

आत स्वयंपाकघरात नऊ पोरं टोमॅटोचं सूप पीत बसली होती. मी तीनदा मोजली. नऊच होती.

“मी म्हणत होतो, बस रुतली तरी पोरं बसमध्येच राहू देत,” लायल म्हणाला. “नियम तोच आहे, हीटरही चालू होता. ही बाई ऐकेचना. दोरी धरून एकेकाला आणलं हिने.”

“तुला गॅरेजवर सतरा वेळा फोन लावला,” बाई म्हणाल्या. “उचलेनास, तेव्हा कळलं तू निघालास. बर्फाचं मला काही वाटलं नव्हतं, मर्ल. मला भीती होती तुझी. चूक कळल्यावर तू सुसाट सुटणार, हे काय मला ठाऊक नाही?”

 तेवढ्यात सहा वर्षांची एक पोरगी माझी बाही ओढायला लागली.

“माझा एक हातमोजा बसमध्ये राहिलाय. अगदी शेवटच्या सीटवर. मी तिथेच बसते.”

हातमोजा माझ्या मुठीतच होता. तो तिच्या हातात घालायला मी गुडघ्यांवर बसलो, आणि सगळ्या पोरांदेखत हुंदके देऊन रडलो.