पिन बदलल्यावर

धुळ्याच्या त्या मिस्त्रींना सगळे नाना म्हणत. खरं नाव मी कधी विचारलं नाही. गाडीवाला बोलत असला की ते डोळे मिटून ऐकत आणि शेवटी एवढंच विचारत, “कव्हय व्हस?” कधी होतं, ते कळलं की त्यांना अर्धं काम झाल्यासारखं वाटे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, नवी गाडी मिळत नव्हती. माझी जुनी मालमोटार खड्ड्यात आदळली की पुढची चाकं थडथडत आणि स्टेअरिंग हातातून सुटे. नरडाण्याच्या रस्त्यावर एकदा मी बैलगाडीवर आदळता आदळता वाचलो. दोघा कारागिरांनी टायर बदलायला लावले, तरी फरक पडला नाही.

नानांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, वरखाली धरून हलवलं. ते खुळखुळलं.

“टायरना दोष नही शे, भाऊ. चाकनी पिन झिजेल शे.”

चाक ज्यावर वळतं ती पिन त्यांनी लेथवर नवी घडवून बसवली. गाडी तयार झाली, पण ती बैलगाडी आठवून मी स्टेअरिंगला हात लावीना. नाना घरात जाऊन म्हाताऱ्या आईला घेऊन आले आणि तिला माझ्याशेजारी बसवलं.

“माय, हाऊ भाऊ तुले फिराई आनस.”

स्वतः मागे चढले. मी निघालो. खड्ड्यात गाडी आदळली आणि सरळ पुढे गेली.

परतलो तेव्हा आई माझ्या खांद्यावर झोपली होती.

“थोडा बठ, भाऊ,” नाना हळूच म्हणाले आणि तिच्या तोंडावरचं ऊन हाताने अडवून उभे राहिले.